उपचार हाच प्रतिबंध, पण कुठवर?

एचआयव्हीवरची औषधे शोधली गेली ती बाधित माणसाला जगवण्यासाठी. त्याच औषधांमुळे त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागणही थांबते, हे निर्विवाद सिद्ध व्हायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. तोवर एड्सविरोधी कामाचे सरळ दोन तट होते. प्रतिबंध म्हणजे कंडोम, प्रबोधन, तपासलेले रक्त आणि निर्जंतुक सुया. उपचार म्हणजे ज्यांना प्रतिबंध वाचवू शकला नाही त्यांची तजवीज. दोन्हीकडची माणसे वेगळी, निधी वेगळा, आणि एकाचा निधी वाढवायचा तर दुसऱ्याच्या ताटातले काढावे लागते अशीच सगळ्यांची समजूत. ही विभागणी मुळातच चुकीची होती, असे आज म्हणता येते. तेव्हा मात्र ती शहाणपणाची वाटत होती.

औषध लागण कशी थांबवते हे समजायला विषाणूची चाल माहीत हवी. एचआयव्ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतल्या सीडी-४ या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. त्याचा जनुकीय मजकूर आरएनएच्या रूपात असतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर त्याचा डीएनए बनवते, इंटिग्रेज हे दुसरे विकर तो डीएनए पेशीच्या मूळ डीएनएत जोडते, आणि मग ती पेशी नवे विषाणू तयार करू लागते. त्यांची प्रथिने कापून जागच्या जागी बसवण्याचे काम प्रोटीएज हे तिसरे विकर करते. एआरटी म्हणून जी औषधे दिली जातात, त्यातली बहुतेक या तिघांपैकी कुणाची तरी वाट अडवतात. एकच औषध दिले तर विषाणू थोड्याच काळात स्वतःत बदल करून त्याला दाद देईनासा होतो. म्हणून निरनिराळ्या जागी मारा करणारी औषधे एकत्र द्यावी लागतात. सध्या भारतात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात आणि बहुतेकांना ती दिवसातून एकदा पुरते.

ही गोळी विषाणूला शरीरातून हुसकावून लावत नाही. काही पेशींच्या डीएनएत तो निपचित पडून राहतो आणि औषध बंद झाले की काही आठवड्यांत पुन्हा डोके वर काढतो. उपचार जन्मभर घ्यावे लागतात ते यामुळे. मात्र रक्तातली त्याची संख्या, म्हणजे व्हायरल लोड किंवा विषाणूभार, गोळ्या नियमित घेतल्या तर साधारण सहा महिन्यांत इतकी खाली येते की नेहमीच्या चाचणीत विषाणू सापडत नाही. रक्तातला भार उतरला की वीर्य आणि योनीस्रावातलाही उतरतो. लागणीला पुरेल इतका विषाणूच दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. सगळा चमत्कार एवढाच.

याचा पहिला भक्कम पुरावा जोडप्यांकडून आला नाही, तो बाळंतिणींकडून आला. अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीत बाधित गर्भवतींना गरोदरपणात आणि प्रसूतीच्या वेळी, आणि जन्मानंतर बाळालाही, एझेडटी हे औषध दिले गेले. १९८७मध्ये मान्यता मिळालेले हे एचआयव्हीवरचे पहिले औषध. १९९४मध्ये निष्कर्ष आले. औषध न मिळालेल्या गटात शंभरपैकी सुमारे २५ बाळांना लागण झाली होती, औषध मिळालेल्या गटात सुमारे ८ बाळांना. एकट्या एझेडटीने, जे रुग्णाला फार दिवस वाचवूही शकत नव्हते, बाळांची लागण दोन तृतीयांशाने कमी केली होती. औषध लागण थांबवू शकते याची ती उघड खूण होती. पण तिच्याकडे गर्भवतींपुरता उपाय म्हणूनच पाहिले गेले. हेच जोडीदारांमध्येही घडेल का, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला जाण्यात आणखी काही वर्षे गेली.

दुसरी खूण युगांडातल्या राकाई जिल्ह्यातली. तिथे जोडप्यातला एक बाधित आणि दुसरा नाही अशा ४१५ जोडप्यांवर संशोधकांनी लक्ष ठेवले होते. त्या काळी तिथे एआरटी उपलब्धच नव्हती. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक गोष्ट ठळक दिसली: बाधित जोडीदाराच्या रक्तात विषाणू जितका जास्त, तितकी दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जास्त. ज्यांचा विषाणूभार मिलिलिटरला १,५०० प्रतींहून कमी होता, त्यांच्या जोडीदारांपैकी एकालाही लागण झाली नव्हती. औषधाने विषाणूभार कमी होतो हे १९९६पासून, म्हणजे तीन औषधांचे एकत्र उपचार आल्यापासून, माहीत होतेच. दोन्ही गोष्टी जोडल्या की उत्तर जवळजवळ समोर होते.

ते उत्तर अमलात आणण्याच्या आड पैसा आला. तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या बहुसंख्य बाधितांना तो स्वप्नातही परवडणारा नव्हता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे इथल्या कंपन्यांना वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा होती. त्या घोषणेनंतर किमती झपाट्याने कोसळल्या. पुढे प्रतिबंधाची जी कहाणी घडली, तिचा पाया मुंबईत ठरलेल्या या किमतीवर उभा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

किंमत उतरली तरी आक्षेप संपले नाहीत. गरीब देशांत मर्यादित पैसा प्रतिबंधावरच खर्चावा, उपचार नंतर बघू, असा हिशेब नामवंत नियतकालिकांत मांडला जात होता. अमेरिकेच्या मदतसंस्थेच्या प्रमुखाने २००१मध्ये आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, ते औषधे वेळेवर कशी घेणार, अशा अर्थाचे विधान केले होते. पाच वर्षांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नियमितपणे गोळ्या घेण्यात आफ्रिकेतले रुग्ण उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांच्या बरेच पुढे निघाले. भारतात १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी केंद्रांवर मोफत एआरटी सुरू झाली. जास्त लागण असलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, आणि पहिल्या केंद्रांमध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय.

२००८च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या एड्सतज्ज्ञांनी एक निवेदन काढले. बाधित व्यक्ती नियमित उपचार घेत असेल, सहा महिन्यांहून अधिक काळ तिच्या रक्तात विषाणू सापडत नसेल आणि तिला दुसरा कोणताही लैंगिक संसर्गजन्य आजार नसेल, तर तिच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही, असे त्यांनी म्हटले. जगभरातून टीका झाली. पुरावा अपुरा आहे, लोक कंडोम टाकून देतील, वर्षानुवर्षांचे प्रबोधन वाया जाईल, असे आक्षेप आले. ते अगदीच निराधार नव्हते, कारण तोवर कोणतीही नियंत्रित चाचणी पूर्ण झालेली नव्हती. स्विस तज्ज्ञांचे म्हणणे पुढे खरे ठरले.

ते खरे ठरवणारी चाचणी एचपीटीएन ०५२ या रुक्ष नावाने ओळखली जाते. अमेरिकेतले डॉक्टर मायरन कोहेन तिचे प्रमुख होते. नऊ देशांतली १,७६३ जोडपी तिच्यात सहभागी झाली. प्रत्येक जोडप्यात एक बाधित, दुसरा नाही. भारतातली दोन ठिकाणे होती: पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, जी सगळ्यांना 'नारी' म्हणून माहीत आहे, आणि चेन्नईचे वाय. आर. गायतोंडे केंद्र. हे केंद्र स्थापन करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९८६मध्ये भारतातल्या पहिल्या एचआयव्ही लागणी उजेडात आणल्या त्या त्यांच्याच चमूने.

चाचणीतल्या बाधितांची सीडी-४ संख्या, म्हणजे रक्तातल्या त्या पेशींचे प्रमाण, ३५० ते ५५० होती. तेव्हाच्या बहुतेक नियमांनुसार त्यांना लगेच औषधांची गरज नव्हती. निम्म्यांना ताबडतोब औषधे सुरू केली. उरलेल्यांना सीडी-४ संख्या २५०च्या खाली गेल्यावर, किंवा एड्सशी संबंधित आजार दिसू लागल्यावर, सुरू करायची होती. समुपदेशन आणि कंडोम सर्वांनाच मिळत होते. मे २०११मध्ये तटस्थ निरीक्षक मंडळाने आकडे पाहिले आणि निष्कर्ष लगेच जाहीर करा, असे सांगितले. तोवर ३९ जोडीदारांना लागण झाली होती. विषाणूंच्या जनुकांची तुलना केल्यावर त्यातल्या २८ लागणी घरच्या जोडीदाराकडूनच झाल्याचे दिसले. या २८ पैकी २७ उशिरा औषध मिळणाऱ्या गटात होत्या आणि फक्त एक लगेच औषध मिळालेल्या गटात. धोका ९६ टक्क्यांनी घटला होता.

या आकड्याइतकीच बोलकी आहे उरलेल्या लागणींची गोष्ट, ज्यांचा संबंध जोडीदाराशी सिद्ध झाला नाही. ज्याच्या पोटात गोळी जाते त्याच्याकडून होणारी लागण ती थांबवते. जोडप्याबाहेरच्या संबंधातून येणाऱ्या लागणीपुढे तिचा इलाज नाही. २०१६मध्ये याच चाचणीचे अखेरचे निष्कर्ष आले. औषध सुरू झाल्यानंतरही जोडीदाराकडून झालेल्या लागणी फक्त आठ होत्या. त्यातल्या चार उपचार सुरू झाल्यावर, विषाणूभार अजून उतरायचा होता त्या काळातल्या आणि चार उपचार निष्प्रभ ठरल्यानंतरच्या. विषाणू पक्का दबलेला असताना झालेली लागण एकही नव्हती.

एक नैतिक प्रश्न मात्र उरला होता. ज्याला स्वतःच्या प्रकृतीसाठी औषधाची अजून गरज नाही, त्याला दुसऱ्याच्या रक्षणासाठी जन्मभराची औषधे सुरू करणे कितपत योग्य? २०१५मध्ये ३५ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या स्टार्ट या चाचणीने तो निकालात काढला. सीडी-४ संख्या ५००च्या वर असतानाच औषधे सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे लवकर औषध सुरू करण्यात स्वतःचाही फायदा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही आढळलेल्या प्रत्येकाला, सीडी-४ कितीही असो, औषधे देण्याची शिफारस केली. भारताने हे धोरण २०१७मध्ये स्वीकारले.

त्याआधीच्या धोरणाने किती नुकसान झाले, याचाही हिशेब मांडायला हवा. सुरुवातीला सीडी-४ संख्या २००च्या आसपास उतरेपर्यंत औषध मिळत नसे. मग ही रेषा ३५०वर आली, मग ५००वर. अहवाल हाती आलेल्या माणसाला 'सीडी-४ अजून चांगले आहे, सहा महिन्यांनी या' असे सांगून परत पाठवले जाई. बरेच जण परत येतच नसत, आले तर क्षयरोग किंवा आणखी काही घेऊन येत. मधल्या काळात त्यांच्या रक्तातला विषाणू वाढत असे आणि पुढे पसरत असे. पैसा, औषधांचा साठा आणि तेव्हाच्या औषधांचे दुष्परिणाम या अडचणी खऱ्या होत्या. पण आजच्या माहितीच्या उजेडात पाहता ती रेषा लागणीलाच मोकळीक देत होती.

पुढचा प्रश्न 'जवळजवळ शून्य' आणि 'शून्य' यांच्यातला. युरोपातल्या १४ देशांत झालेल्या पार्टनर या अभ्यासात कंडोम न वापरणाऱ्या ८८८ जोडप्यांचा पाठपुरावा केला गेला. २०१६मध्ये आलेल्या निष्कर्षांत कंडोमशिवायचे सुमारे ५८ हजार संबंध नोंदले होते. उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून झालेली लागण: एकही नाही. दुसऱ्या टप्प्यात पुरुष जोडप्यांवर भर होता, कारण गुदमैथुनात लागणीचा धोका सर्वाधिक असतो. २०१९मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ७८२ जोडपी आणि सुमारे ७६ हजार संबंध होते. पंधरा जणांना नवी लागण झाली होती खरी, पण जनुकीय तपासणीत प्रत्येकाचा विषाणू घरच्या जोडीदाराच्या विषाणूपेक्षा वेगळा निघाला. पुन्हा शून्य. रक्तात विषाणू सापडत नसेल तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही, हे सांगणारी 'यू इज इक्वल टू यू' ही घोषणा २०१६मध्ये अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांनी दिली आणि ती जगभर पोचली. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली.

बाधित माणसाच्या आयुष्यात या शून्याचा अर्थ मोठा आहे. आपल्यापासून जोडीदाराला धोका आहे ही भीती अनेकांना आजारापेक्षा जास्त खाते. लग्न, शरीरसंबंध, मूल हे सगळे आता सामान्यपणे शक्य आहे, हे सांगणे हाही उपचाराचाच भाग व्हायला हवा. दुर्दैवाने औषधे वेळेवर देणारी अनेक केंद्रे ही गोष्ट सांगायला कचरतात. लोक बेफिकीर होतील, ही जुनी भीती त्यामागे असते.

या शून्याला हद्दी आहेत, त्याही सांगायला हव्यात. ते लैंगिक संबंधापुरते आहे. एकच सुई अनेकांनी वापरली तर हे शून्य गृहीत धरता येत नाही. स्तनपानात उपचार चालू असताना धोका फार कमी असतो, पण शून्य म्हणता येत नाही. गरमी, परमा यांसारखे इतर लैंगिक आजार ही गोळी अडवत नाही आणि नको असलेली गर्भधारणाही नाही. त्यासाठी कंडोमची जागा कायम आहे. विषाणूभार प्रत्यक्ष तपासल्याशिवाय 'माझा दबला असेल' असे मानून चालत नाही, आणि गोळ्या सुटल्या तर शून्यही सुटते.

जोडप्यात इतके खात्रीने चालणारे औषध गावात, तालुक्यात, देशात का चालू नये? २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक गणिती आराखडा मांडला. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशात दरवर्षी सर्वांची तपासणी केली आणि बाधित निघालेल्या प्रत्येकाला लगेच औषध दिले, तर दहा वर्षांत नव्या लागणी हजारी एकाच्या खाली जाऊ शकतील, असे त्यात दिसत होते. कागदावरचे हे गणित जमिनीवर तपासण्यासाठी आफ्रिकेत चार मोठ्या चाचण्या झाल्या. निकाल गोंधळात टाकणारे आले. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात नव्या लागणी कमी झाल्या नाहीत. केनिया-युगांडातल्या चाचणीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. बोत्स्वानात सुमारे ३० टक्के घट दिसली, पण ती निःसंदिग्ध म्हणण्याइतकी भक्कम नव्हती. झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २१ वस्त्यांत, सुमारे दहा लाख लोकांमध्ये झालेली पॉपआर्ट ही सर्वांत मोठी चाचणी. तिच्यात घरोघरी तपासणी झालेल्या एका गटात ३० टक्के घट झाली. आणि घरोघरी तपासणीबरोबर सर्वांना सुरुवातीपासून लगेच औषध मिळालेल्या गटात मात्र ती जेमतेम ७ टक्के भरली. असे का, याचे समाधानकारक उत्तर आजही नाही.

औषध कमी पडले असे यावरून म्हणता येत नाही. कमी पडली ती त्याची पोच. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विषाणूभार प्रचंड असतो. आणि नेमके तेव्हाच माणसाला काही माहीत नसते, ताप-अंगदुखी येऊन जाते, एवढेच. वर्षातून एकदा दारावर येणाऱ्या कार्यकर्त्याला हा माणूस सापडत नाही. तरुण पुरुष दिवसा घरी नसतात, कामासाठी गाव बदलतात, तपासणी टाळतात. लोक गावाबाहेरूनही लागण घेऊन येतात. शिवाय तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतही याच काळात देशाची धोरणे बदलत गेली आणि औषधे वाढत गेली, त्यामुळे फरक पुसट झाला. दीर्घ काळाचे चित्र अधिक आशादायक आहे. इस्वातिनी हा जगात लागणीचे प्रमाण सर्वाधिक असलेला छोटा देश. तिथे २०११ ते २०१६ या काळात विषाणू दबलेल्यांचे प्रमाण दुप्पट झाले आणि नव्या लागणींचा दर जवळजवळ निम्म्यावर आला.

म्हणूनच आज जगात सगळीकडे ९५-९५-९५ हे उद्दिष्ट बोलले जाते. बाधितांपैकी ९५ टक्क्यांना आपली लागण माहीत असावी, त्यातल्या ९५ टक्क्यांना औषध सुरू असावे आणि त्यातल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. हे आकडे एकमेकांना गुणायचे असतात, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. तिन्ही गाठले तरी एकूण बाधितांपैकी सुमारे ८६ टक्क्यांचाच विषाणू दबलेला असेल. भारताचे अलीकडचे आकडे ८१-८८-९७ असे आहेत. त्यांचा गुणाकार ६९ टक्क्यांच्या आसपास येतो. एकदा औषध सुरू झालेल्या माणसाला सांभाळण्यात आपली व्यवस्था उत्तम आहे. पहिल्या पायरीवरच, तपासणीपाशी, पाचातला एक जण सुटतो. नव्या लागणींचा मोठा हिस्सा या न सापडलेल्यांकडून आणि सापडून गळालेल्यांकडून येतो.

आपल्या देशाच्या बाबतीत श्रेय वाटताना सावध राहायला हवे. भारतात आज २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगतात. महाराष्ट्रात ही संख्या सर्वाधिक, सुमारे ४ लाख आहे. २०१० ते २०२३ या काळात देशातल्या नव्या लागणी सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्या; जगातली घट ३९ टक्के होती. पण भारतातल्या लागणींची लाट मोफत एआरटी येण्याच्या आधीच ओसरू लागली होती. ते श्रेय कामाठीपुरा, सांगली, कोलकात्याचे सोनागाची अशा वस्त्यांत देहविक्रय करणाऱ्या महिलांनीच एकमेकींना पटवून रुजवलेल्या कंडोमचे, आणि रक्तपेढ्यांतल्या सक्तीच्या तपासणीचे आहे. एआरटीने ती घसरण टिकवली आणि पुढे नेली. मृत्यू घटले ते मात्र प्रामुख्याने तिच्यामुळेच. बाळांच्या लागणीचेही तसेच. काहीच उपाय केले नाहीत तर बाधित आईकडून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. आईला वेळेवर आणि नियमित एआरटी मिळाली तर हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली नेता येते.

बाधितांची एकूण संख्या फारशी घटत नाही म्हणून मोहीम फसली, असे कधी कधी लिहिले जाते. ते चूक आहे. औषधांमुळे माणसे मरत नाहीत, म्हणून संख्या टिकून राहते. खरी मोजदाद नव्या लागणींची आणि मृत्यूंची.

हीच औषधे लागण न झालेल्या माणसाने आधीच घेतली तर? या उपायाला प्रेप म्हणतात. २०१०मध्ये समलिंगी पुरुषांमधल्या एका चाचणीत रोजच्या गोळीने लागण ४४ टक्क्यांनी घटली, आणि ज्यांनी ती खरोखर रोज घेतली त्यांच्यात कितीतरी जास्त. आफ्रिकेतल्या तरुणींमधल्या दोन मोठ्या चाचण्या मात्र फसल्या, कारण बहुतेकींच्या रक्तात औषधाचा मागमूसही नव्हता. आजार नसताना रोज गोळी घेणे, ती घरच्यांपासून लपवणे, 'तुला एड्स आहे का' हे ऐकून घेणे, हे प्रयोगशाळेला दिसत नाही. त्यामुळे लांब टिकणाऱ्या इंजेक्शनांकडे मोर्चा वळला. लेनाकॅपाविर हे औषध सहा महिन्यांतून एकदा टोचायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या चाचणीत ते मिळालेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४मध्ये जाहीर झाले. अमेरिकेत त्याला जून २०२५मध्ये मान्यता मिळाली. तिथली वर्षाची किंमत २८ हजार डॉलरच्या वर आहे, तर हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांनी गरीब देशांसाठी ते २०२७पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचे करार केले आहेत. २००१ची गोष्ट पुन्हा घडते आहे, फक्त या वेळी परवाना मूळ कंपनीनेच दिला आहे.

सुई टोचणे, बलात्कार किंवा कंडोम फाटणे अशा प्रसंगी धोका घडून गेल्यावरही औषध उपयोगी पडते. ते ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. चौथ्या दिवशी विचारणा करून उपयोग नसतो.

२०२४च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि ३ कोटी १६ लाखांना औषधे मिळत होती. त्यातल्या आफ्रिकेतल्या फार मोठ्या हिश्श्याचा भार २००३पासून अमेरिकेच्या पेपफार योजनेने उचलला होता. जानेवारी २०२५मध्ये परदेशी मदत अचानक रोखली गेली, तेव्हा अनेक देशांत दवाखाने आणि पोहोचसेवा बंद पडल्या. उपचार आणि प्रतिबंध एकाच गोळीत आल्याचा हा दुसरा परिणाम: साठा थांबला की दोन्ही एकदम थांबतात. भारताचा कार्यक्रम मुख्यतः आपल्याच तिजोरीतून चालतो, त्यामुळे हा धक्का इथे तेवढा बसला नाही.

इथला अडसर वेगळा आहे. औषध फुकट आहे, विषाणूभाराची तपासणी फुकट आहे, पण पहिल्या तपासणीसाठी जाणारा माणूस कुणी पाहील म्हणून मागे फिरतो. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, अहवाल गुप्त ठेवावा लागतो आणि नोकरी, शिक्षण, उपचार किंवा घर नाकारणे बेकायदेशीर आहे. तपासणी आणि समुपदेशन जिल्हा रुग्णालयांतल्या आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांवर मोफत होते. तिथे जाण्याआधी काही विचारायचे असेल, तर १०९७ हा देशभरचा टोल-फ्री क्रमांक आहे.